माठाला बटण कुठे असतं?

'तंत्रज्ञान म्हणजे काय?' असं चौथीच्या वर्गात विचारलं की सगळ्यात आधी हात वर करणारा मुलगा 'तंत्र-मंत्र' म्हणतो. वर्ग हसतो. मग मी फळ्यावरचा शब्द पुसते, 'टेक्नॉलॉजी' लिहिते आणि एकदम सगळे हात वर जातात. मोबाइल. कॉम्प्युटर. टीव्ही. रोबोट. परत मोबाइल. वंदे भारत. शेवटच्या बाकावरून एक आवाज येतो, 'जेसीबी!' आणि या उत्तरावर सगळ्यांचं एकमत होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कंपनी पुण्यात, पण महिन्यातले बरेच दिवस मी भुसावळच्या घरूनच काम करते. माझी आत्या जवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या फेब्रुवारीत एकदा जेवताना ती म्हणाली, 'अगं, तू कॉम्प्युटरवाली ना? मग आमच्या पोरांना टेक्नॉलॉजी किती कळते, ते बघायला एखादी चाचणी काढून दे. सगळे डिजिटल डिजिटल करतात, आणि मला कळत नाही की नेमकं तपासायचं काय.'

नमुना म्हणून तिने कुठून तरी आलेली एक प्रश्नपत्रिका दाखवली. संगणकाच्या भागांची नावं लिहा. रिकाम्या जागा भरा: डॅश डॅश हा संगणकाचा मेंदू आहे. माउसला किती बटणं असतात? तिच्या वर्गातल्या जवळपास सगळ्यांना ही उत्तरं पाठ होती. त्यातल्या बऱ्याच जणांनी माउसला कधी हात लावलेला नव्हता. आणि खरं सांगायचं तर आता लावण्याची गरजही कमीच पडणार आहे. या पेपरात सीपीयूला मेंदू म्हणणारा मुलगा हुशार ठरतो. एप्रिलमध्ये घरच्या कूलरचा पंप काढून, त्यातला शेवाळाचा गोळा साफ करून तो परत चालू करणाऱ्या मुलासाठी त्यात एकही प्रश्न नाही.

मोठ्या मुलांच्या बाबतीतही आपण बहुतेक वापरच मोजतो. 'असर' २०२४ च्या ग्रामीण सर्वेक्षणात १४ ते १६ वयाच्या मुलामुलींना फोनवर अलार्म लावायला, माहिती शोधायला, यूट्यूबवरचा व्हिडिओ शोधायला सांगितलं होतं. देशभरात ८२ टक्क्यांहून जास्त मुलांनी फोन वापरता येतो असं सांगितलं. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारे ५७ टक्के होते आणि सोशल मीडियासाठी वापरणारे ७६ टक्के. हे माहीत असणं गरजेचंच आहे. पण फोन चालवता येणं वेगळं, आणि एखादी वस्तू कुणीतरी, कशासाठी तरी, काहीतरी अडलं म्हणून बनवली आहे हे कळणं वेगळं. मला दुसऱ्याबद्दल उत्सुकता होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते कळतं का, आणि कळत असेल तर ते आपल्याला कसं कळणार?

या प्रश्नावर आधी काम झालेलं आहे. अमेरिकेत बोस्टनच्या म्युझियम ऑफ सायन्समध्ये 'इंजिनियरिंग इज एलिमेंटरी' हा प्राथमिक शाळांसाठीचा अभ्यासक्रम तयार होत होता. तेव्हा क्रिस्टीन कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसमोर चित्रांचा एक कागद ठेवला आणि यातली टेक्नॉलॉजी कुठली त्यावर खूण करा, असं सांगितलं. मुलांनी मुख्यतः विजेवर चालणाऱ्या वस्तूंवर खुणा केल्या. पूल, बूट, कप या माणसाने डोकं लावून बनवलेल्या गोष्टी बहुतेकांनी तशाच सोडल्या. साधा कागद, पण त्याने अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांना सुरुवात कुठून करायची ते दाखवलं.

मी त्याची भुसावळ आवृत्ती काढली. मोबाइल, माठ, रेल्वेचं इंजिन, पाटा-वरवंटा, हापसा, कूलर, ठिबकची नळी, चप्पल, झाडू, केळीचं झाड, सुगरणीचं घरटं आणि आकाशात चमकणारी वीज, अशी बारा चित्रं. निकाल बोस्टनसारखाच लागला. इंजिन, मोबाइल, कूलर यांना सगळ्यांच्या खुणा. ठिबकच्या नळीला फार थोड्यांच्या. आणि आकाशातल्या विजेवर खूण करणारेही निघाले, कारण वीज ती वीजच.

पण आत्याला खुणा मोजून समाधान नव्हतं. ती म्हणाली, 'आता एकेकाला का ते विचार.' आणि खरी चाचणी तिथे सुरू झाली.

'माठ का नाही?'

'त्याला बटण कुठे असतं?'

'मग चार्जिंग लागतं ते टेक्नॉलॉजी?'

'हो. नाहीतर लाइट लागते ते.'

'माठात पाणी थंड होतं ना? फ्रिजसारखं?'

'ते तर आपोआप होतं.'

या 'आपोआप'वर मी बराच वेळ अडकले. कागदावर जी खूण झाली नाही, तिचं कारण या एका शब्दात होतं. मुलीच्या दृष्टीने माठ कुणी बनवलेलाच नाही, तो आहेच. कुंभाराने माती कुठली घेतली, कशी भाजली, माठ पाझरेल पण गळणार नाही इतपत छिद्रं त्यात कशी राहिली, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलेलं नाही. बटण असलं की आत कुणीतरी काहीतरी बसवलंय असं वाटतं. बटण नसलं की वस्तू झाडासारखी उगवते.

आपण मोठे तरी वेगळे कुठे आहोत? हापशाचंच घ्या. महाराष्ट्रातल्या गावांत हापसा हा देव-दगडाइतकाच जुना वाटतो. प्रत्यक्षात आज दिसणाऱ्या हापशाची गोष्ट १९६०-७० च्या दशकांतली आहे आणि तिचा बराच भाग आपल्याच राज्यात घडला. त्याआधीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या वापराच्या बेताने घडवलेले असायचे. त्यावर अख्खं गाव दिवसभर पाणी हापसू लागल्यावर ते मोडायचे. जालन्याच्या आणि नंतर सोलापूरच्या मिशनमधल्या लोकांनी पोलादी पंप तयार केला. त्याच्या दांड्याला एकच सांधा होता आणि पुढे साखळी. १९७० च्या दशकात युनिसेफ आणि सरकार यांच्या मदतीने त्यातून 'इंडिया मार्क टू' आला आणि तो पुढे जगभर गेला. कुठे मोडतं ते पाहा, का मोडतं ते शोधा, बदला, परत गावात बसवून पाहा. इंजिनियरिंगच्या पुस्तकात ज्याला डिझाइन प्रोसेस म्हणतात, ती ही. अमेरिकेत आठवीच्या मुलांसाठी २०१४ साली टेक्नॉलॉजी आणि इंजिनियरिंग साक्षरतेची राष्ट्रीय चाचणी झाली. ती लॅपटॉपवर होती, आणि तिच्यातलं एक काम होतं गावातला बिघडलेला हातपंप कुठे अडलाय ते शोधून दुरुस्त करण्याचं. हे वाचून मला हसू आलं होतं. तिकडची मुलं स्क्रीनवर हापसा दुरुस्त करतायत आणि आपली पोरं खऱ्या हापशाशेजारी बसून माउसची बटणं मोजतायत.

दुसऱ्या शनिवारी 'इंजिनियरचं चित्र काढा' असं सांगितलं. ही चाचणीही जुनीच आहे. १९८३ मध्ये डेव्हिड चेंबर्स यांनी मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला लावणारी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यावरून पुढे इंजिनियरचीही निघाली. आमच्याकडे चित्रांत डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि हातात पाना दिसला, आणि अर्ध्याअधिक चित्रांत रेल्वेचं इंजिन. भुसावळमध्ये ते साहजिक आहे. इथे लोको शेड आहे, रेल्वेचं मोठं ट्रेनिंग सेंटर आहे, प्रत्येक गल्लीत कुणीतरी रेल्वेत आहे. 'इंजिन चालवतो तो इंजिनियर' हे एका मुलाने मला समजावून सांगितलं. सगळ्या चित्रांत माणूस पुरुष. मी म्हटलं, 'मीपण इंजिनियर आहे.' समोरच्या मुलीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, 'नाही, तुम्ही तर मॅडम आहात.'

यावर मी काही लेक्चर दिलं नाही. पण चित्रांचा तो गठ्ठा मी आत्याला जपून ठेवायला सांगितला.

चित्रं आणि खुणा यांच्यावरून मुलांच्या डोक्यातले शब्द कळतात. हात काय करतात ते कळत नाही. त्यासाठी काहीतरी बनवायलाच द्यावं लागतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथे चित्रा नटराजन, सुग्रा चुनावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम आपल्याकडच्या शाळांत करून पाहिलं आहे. त्यांत इंग्रजी माध्यमाच्या, मराठी माध्यमाच्या आणि आदिवासी भागातल्या शाळाही होत्या. मुलं तिथे गटागटाने पिशवी, पवनचक्कीचं मॉडेल, बाहुल्यांचा खेळ असं काही तयार करायची. आधी चर्चा, मग कागदावर आराखडा, साहित्याची यादी, मग प्रत्यक्ष वस्तू, आणि शेवटी आपल्या आणि दुसऱ्या गटांच्या वस्तूंवर मत. मला यात आवडलं ते हे की मूल्यमापन शेवटी चिकटवलेलं नव्हतं, मुलं तेही स्वतः करत होती.

आम्ही प्रश्न निवडला तो मार्च महिन्यानेच दिला होता. सकाळची शाळा सुरू झाली होती. साडेसातला घरून आणलेलं पाणी दहा वाजेपर्यंत पिववत नाही. तर 'बाटलीतलं पाणी शाळा सुटेपर्यंत थंड राहील असं काहीतरी करा.' साहित्य म्हणजे जुनं सुती कापड, गोणपाट, वर्तमानपत्रं, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या, दोरी, केळीच्या खोडाची वाळलेली सालं. मी घरून एक साधा थर्मामीटर नेला होता.

एकच नियम ठेवला. खोडरबर बंद.

यामागे कारण होतं. माझ्या कामात कोडची प्रत्येक आवृत्ती साठवलेली असते. एखादी ओळ कुणी, कधी, का बदलली ते वर्षभराने पाहता येतं, आणि नवीन माणसाला काम शिकायचं असेल तर तो शेवटच्या कोडपेक्षा या बदलांवरून जास्त शिकतो. शाळेत नेमकं उलट असतं. चुकलं की खोडायचं, जास्त चुकलं की पान फाडायचं, वही स्वच्छ दिसली पाहिजे. मूल काय विचार करून इथपर्यंत आलं, याचा सगळा पुरावा बाकाखाली रबराच्या भुग्यात पडलेला असतो. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये रिचर्ड किंबेल, के स्टेबल्स आणि त्यांच्या गटाने सुमारे १०,००० मुलांची डिझाइनची चाचणी घेतली. त्यांची उत्तरपुस्तिका घड्या उलगडत जाणारी होती. पुढची घडी उघडली तरी आधीचं लिहिलेलं समोर राहायचं. ती मुलं १५ वर्षांची होती, पण कागदाला घडी घालायला वयाची अट कशाला? आम्ही ड्रॉइंगच्या मोठ्या कागदाला तीन घड्या घातल्या. पहिल्या भागात 'आम्ही असं करणार', दुसऱ्यात 'काय झालं', तिसऱ्यात 'आता काय बदललं आणि का'.

थर्माकोलवाल्या गटाचं काम लवकर झालं. त्यांनी बाटलीभोवती तुकडे लावून वर वर्तमानपत्र गुंडाळलं. त्यांच्यातल्या एका मुलीने दुसऱ्या घडीत लिहिलं, 'थंड नाही झालं, पण गरम पण नाही झालं.' तिला विचारलं, तर म्हणाली की कुल्फीवाल्याच्या पेटीतही असंच असतं, ती पेटी कुल्फी बनवत नाही, वितळू देत नाही. थंड करणं आणि गरम होऊ न देणं यातला फरक मला इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षाला दोन समीकरणांसकट शिकवला होता.

गोणपाटवाल्यांचं भांडण झालं. त्यांनी बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळलं आणि त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. पिशवीची कल्पना एका मुलीची होती. कारण विचाराल तर पक्कं होतं: बाटली दप्तरात ठेवायची तर वह्या भिजतील. तासाभराने व्हरांड्यात मोजलं, तर पाणी जवळपास तसंच. त्या गटात एक मुलगा होता. त्याच्या घरचे उन्हाळ्यात कूलरची गवताची जाळी बदलून देण्याचं काम करतात. लेखी परीक्षेत हा मुलगा नेहमी तळाला. तो वैतागून म्हणाला, 'त्याले वारा लागाले पाह्यजे ना! कूलरले मांगून बंद केलं तं गार हवा येईन का?'

आमच्या भागात बोलताना 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी होते, पावसाळ्याचा पावसाया. लेखी पेपरात हा मुलगा तसंच लिहितो आणि प्रत्येक ओळीखाली लाल रेघ येते. पण आत्ता त्याने जे सांगितलं ते बाष्पीभवनच होतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती बाटलीतून घेतली जाते, आणि ओल्या कापडाजवळची दमट हवा हटून कोरडी हवा आली तरच हे चालू राहतं. प्लास्टिकने तीच वाट बंद केली होती. शिवाय तो पुढे म्हणाला, 'पावसायात हे चालणार नाही. पावसायात कूलर पन नुसती चिकचिक करतो.' म्हणजे हवेतली आर्द्रता वाढली की ही युक्ती बंद पडते, हेही त्याच्या हिशोबात होतं.

आता प्लास्टिक काढलं तर पाणी थंड होणार, पण वह्या भिजणार. मुलगी अडून बसली होती, आणि तिचा मुद्दा बरोबरच होता. डिझाइनमधली खरी अडचण अशीच असते. दोन्ही बाजू खऱ्या असतात. आत्या आणि मी काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने मुलीनेच गोणपाटाला दोरीचा फास केला आणि बाटली दप्तराच्या पट्ट्याला बाहेर टांगली. आता पाणी ठिबकलं तर जमिनीवर ठिबकणार आणि चालताना वाराही लागणार. पुढच्या तासाला मोजलं, तर शेजारी ठेवलेल्या साध्या बाटलीपेक्षा पाच अंशांनी कमी.

आत्याने ती टांगलेली बाटली पाहिली आणि म्हणाली, 'अगं, ही तर छागल!'

माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, रेल्वेत फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर होऊन निवृत्त झाले. त्यांची जाड किंतानाची छागल इंजिनाच्या बाहेर टांगलेली असायची, गाडीच्या वाऱ्याने तिच्यातलं पाणी गार व्हायचं. छागल मी पाहिलेली नाही, फक्त ऐकलेली आहे. मुलांनी ना पाहिली ना ऐकली. तरी एका भांडणातून दोन तासांत ती त्यांच्या हातून परत तयार झाली.

आणि मग ती मुलगी माझ्याकडे आली. 'मॅडम, नवीन कागद द्या. आमचा पहिला भाग चुकलाय. त्यात पिशवी आतून दाखवलीय.' तिला पहिल्या आराखड्याच्या जागी टांगलेल्या बाटलीचं सुबक चित्र काढायचं होतं, म्हणजे पहिल्यापासूनच तिला सगळं माहीत होतं असं दिसलं असतं. तिने आजवर मार्क मिळवले ते याच पद्धतीने, म्हणून मला तिचा राग आला नाही. मी कागद दिला नाही. ती थोडी हिरमुसली. तिसऱ्या घडीत तिने लिहिलं, 'पिशवी काढली कारण वारा पाहिजे. बाहेर टांगली कारण वही पण पाहिजे.' मी आजवर वाचलेल्या कित्येक डिझाइन डॉक्युमेंटांत 'का' इतक्या सरळ शब्दांत लिहिलेलं नसतं.

आता याला मार्क कसे द्यायचे? राज्यात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. कागदावर ही पद्धत चांगली आहे. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, असं सगळं त्यात धरलंय, आणि कार्यानुभवाला तर लेखी परीक्षेचं ओझंच नाही. बाईंनी पाहायचं आणि नोंद करायची. अडतं ते नोंदीपाशी. एका बाईकडे दोन वर्ग, प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद, आणि वर बाकीचे ऑनलाइन अहवाल. मग व्हॉट्सअॅपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात. 'उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो', 'साहित्य नीटनेटके हाताळते.' वाक्यं वाईट नाहीत. पण ती कुठल्याही मुलाच्या नावापुढे लावता येतात आणि लावलीही जातात. आत्याला दोष देण्याची माझी हिंमत नाही. तिचं एका दिवसाचं काम मला आठवडाभर पुरेल.

त्या रात्री आम्ही दोघी ओट्यावर बसून ते घडीचे कागद वाचत होतो. दीपनगरच्या बाजूला चिमण्यांचे लाल दिवे दिसत होते. मी श्रेणीसाठी चार रकाने आखले होते: अडचण ओळखली का, आराखडा केला का, करून पाहिलं का, बदललं का. आत्याने पहिले तीन खोडले. 'हे सगळ्यांचं येणारच. मला चौथा पाहिजे, आणि त्यात मोठी जागा पाहिजे.'

कूलरवाल्या मुलाच्या नावापुढे तिने लिहिलं, 'ओल्या कापडाला वारा लागला पाहिजे हे गटाला पटवून दिले. पावसाळ्यात ही युक्ती चालणार नाही असे स्वतः सांगितले.' छोट्या चौकटीत ते मावेना, म्हणून शेवटचे शब्द समासात गेले. लेखी पेपरात तरी त्याला अजून तळाचीच श्रेणी आहे. शाळा चौथीपर्यंतच आहे, जूनमध्ये तो पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार.

'तिथले सर हे वाचतील का?' मी विचारलं.

'वही कुणी वाचत नाही,' आत्या म्हणाली. 'पण गोणपाट बघतील.' तिने ती बाटली, फास आणि घडीचा कागद एका पिशवीत घालून त्यावर मुलाचं नाव लिहिलं. नवीन शाळेतल्या शिक्षकांचा नंबर तिच्याकडे होता. जुलैत पहिला पाऊस झाला की पोराला त्याच बाटलीतलं पाणी परत मोजायला लावा, असं ती त्यांना सांगणार होती.